उष्मांकांची खातेवही : व्यायाम करताना वजन घटविण्याचा हिशेब

‘रोज सकाळी पाऊण तास चालतो, तेलकटही फारसे खात नाही, तरीही सहा महिन्यांत वजनाचा काटा जागचा हललेला नाही.’ बैठे काम करणाऱ्यांच्या तोंडी ही तक्रार वारंवार ऐकू येते. तक्रार करणारी व्यक्ती खोटे बोलत नसते. तिचे चालणे खरे असते, तिचा संयमही खरा असतो. चुकलेला असतो तो हिशेब, किंबहुना बहुतेक वेळा हिशेब मांडलेलाच नसतो. एरवी पै-पैचा जमाखर्च चोख ठेवणारी माणसे स्वतःच्या शरीराचा जमाखर्च मात्र अंदाजावर सोडतात.

शरीराची खातेवही ठेवणे अवघड नाही. त्यासाठी चार अंकगणिती क्रिया, स्वयंपाकघरातला एक छोटा वजनकाटा आणि महिनाभराची चिकाटी एवढे भांडवल पुरते. हा हिशेब कसा मांडावा, त्यात कोणत्या चुका हमखास होतात आणि त्या कशा दुरुस्त कराव्यात, याचा विचार या लेखात करू या.

जमा म्हणजे काय, खर्च म्हणजे काय?

आहारातील ऊर्जा मोजण्याचे एकक म्हणजे उष्मांक, अर्थात किलोकॅलरी. एक किलो पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढविण्यास जेवढी उष्णता लागते, तेवढी ऊर्जा म्हणजे एक उष्मांक. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ विल्बर अॅटवॉटर यांनी अन्नघटकांतील ऊर्जेचे जे मोजमाप केले, ते आजही व्यवहारात वापरले जाते. त्यानुसार एक ग्रॅम पिष्टमय पदार्थांतून ४, एक ग्रॅम प्रथिनांतून ४, एक ग्रॅम स्निग्ध पदार्थांतून ९ आणि एक ग्रॅम मद्यार्कातून ७ उष्मांक मिळतात. तेल-तूप एवढे ‘महाग’ का पडते, याचे उत्तर या ९ च्या आकड्यात आहे.

ही झाली जमेची बाजू. खर्चाची बाजू तीन कलमांची आहे. पहिले आणि सर्वांत मोठे कलम म्हणजे मूलभूत चयापचय. हृदय, मेंदू, यकृत, मूत्रपिंडे अहोरात्र चालू ठेवण्यासाठी आपण निजलेले असतानाही हा खर्च होत असतो. दुसरे कलम अन्नपचनाचे. साधारणपणे खाल्लेल्या ऊर्जेचा दहावा हिस्सा ती पचविण्यातच खर्ची पडतो. तिसरे कलम हालचालीचे. त्यात व्यायाम येतो, तसेच जिने चढणे, भाजी आणणे, घर झाडणे हेही येते.

जमा खर्चाहून अधिक झाली, की शिल्लक मेदाच्या रूपाने साठते. पैशांच्या खात्यात शिल्लक वाढली की आनंद होतो. या खात्यात मात्र वाढती शिल्लक पोटाच्या घेरावर दिसू लागते आणि पुढे तिचे व्याज मधुमेह व रक्तदाबाच्या रूपाने भरावे लागते.

आधी खात्री करावी : घट खरोखर हवी आहे का?

किलोमधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता जो आकडा येतो, त्यास बॉडी मास इंडेक्स किंवा बीएमआय म्हणतात. पाश्चात्त्य देशांत २५ पर्यंतचा आकडा सुरक्षित मानला जातो. भारतीयांसाठी मात्र २००९ साली येथील तज्ज्ञांनी एकमताने अधिक कडक मर्यादा सुचविल्या. त्यानुसार २३ पासून अतिवजन आणि २५ पासून स्थूलता धरावी. कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा.

हा कडकपणा का, हे समजण्यासाठी पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कार्याकडे पाहावे. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी आणि ब्रिटनच्या डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचीच छायाचित्रे शेजारी शेजारी छापली. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, म्हणजे २२.३ होता. परंतु शरीरातील मेदाचे प्रमाण डॉ. युडकिन यांचे ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिक यांचे २१.२ टक्के भरले. सडपातळ दिसणारा भारतीय माणूस आतून मेदयुक्त असू शकतो, ही गोष्ट त्या एका चित्राने जगासमोर आली. म्हणूनच आपल्याला नुसते वजन कमी करून भागत नाही. मेद घटवायचा आणि स्नायू राखायचे, असे हे दुहेरी काम आहे. व्यायामाचे खरे महत्त्व येथेच आहे.

पहिली पायरी : मूलभूत खर्च काढणे

यासाठी १९९० साली प्रसिद्ध झालेले मिफ्लिन यांचे सूत्र आज सर्वाधिक वापरले जाते. ते असे आहे :

किलोमधील वजनास १० ने गुणावे. सेंटिमीटरमधील उंचीस ६.२५ ने गुणावे. दोहोंची बेरीज करून त्यातून वयाची पाचपट वजा करावी. आलेल्या उत्तरात पुरुषांनी ५ मिळवावेत, स्त्रियांनी १६१ वजा करावेत.

उदाहरणादाखल एक दांपत्य कल्पू या. पतीचे वय ४६, उंची १६८ सेंटिमीटर, वजन ७८ किलो. पत्नीचे वय ४३, उंची १५४ सेंटिमीटर, वजन ६६ किलो. दोघांचाही बीएमआय २७ ते २८ च्या दरम्यान, म्हणजे स्थूलतेच्या कक्षेत आहे. दोघांनी आठवड्यातून पाच दिवस, ४५ मिनिटे भरभर चालण्याचा निश्चय केला आहे.

पतीचा मूलभूत खर्च : ७८० + १०५० − २३० + ५ = १६०५ उष्मांक.

पत्नीचा मूलभूत खर्च : ६६० + ९६२.५ − २१५ − १६१ = १२४६ उष्मांक.

दोघांत सुमारे ३६० उष्मांकांचे अंतर पडले. हे अंतर लक्षात ठेवावे, कारण पुढे तेच निर्णायक ठरणार आहे.

दुसरी पायरी : दिवसाचा एकूण खर्च

मूलभूत खर्चास दिनक्रमानुसार एका गुणकाने गुणले की दिवसाचा एकूण खर्च मिळतो. बैठ्या दिनक्रमासाठी १.२, हलक्या व्यायामासाठी १.३७५, मध्यम व्यायामासाठी १.५५ असे गुणक रूढ आहेत. बहुतेकांची पहिली चूक येथे होते. ‘मी आठवड्यातून पाच दिवस चालतो, म्हणजे माझा व्यायाम मध्यम’ असे म्हणून माणूस १.५५ निवडतो. प्रत्यक्षात दिवसाच्या चोवीस तासांपैकी चालणे पाऊणच तास असते, उरलेला बहुतेक वेळ खुर्चीत आणि अंथरुणात जातो.

त्यामुळे दोन रीतींनी आकडा काढून ताडून पाहणे चांगले. पहिली रीत म्हणजे १.३७५ ने सरळ गुणणे. यात व्यायाम धरलेला असतो. दुसरी रीत म्हणजे १.२ ने गुणून बैठ्या दिवसाचा खर्च काढणे आणि त्यात व्यायामाचा खर्च वेगळा मिळविणे.

व्यायामाचा खर्च काढण्यासाठी ‘मेट’ हे एकक वापरतात. स्वस्थ बसलेले शरीर दर किलो वजनामागे दर तासाला सुमारे एक उष्मांक खर्च करते, हा एक मेट होय. ताशी साडेपाच किलोमीटर वेगाने चालणे ४.३ मेटचे आहे. यातला एक मेट आपण नुसते बसलो असतो तरी खर्च झालाच असता. म्हणून व्यायामाची निव्वळ कमाई ३.३ मेटचीच धरावी. व्यवसायात जसा ढोबळ नफा वेगळा आणि निव्वळ नफा वेगळा, तसेच हे आहे.

पतीसाठी : ३.३ × ७८ किलो × ०.७५ तास = सुमारे १९३ उष्मांक. आठवड्यातून पाच दिवस म्हणजे सातही दिवसांची सरासरी १३८. बैठ्या दिवसाचा खर्च १९२६. एकूण २०६४. पहिल्या रीतीने उत्तर २२०७ येते. दोहोंच्या दरम्यान, सावधगिरीने, २१०० धरावेत.

पत्नीसाठी : ३.३ × ६६ × ०.७५ = सुमारे १६३, रोजची सरासरी ११७. बैठ्या दिवसाचा खर्च १४९६. एकूण १६१३. पहिल्या रीतीने १७१४. येथे १६५० धरावेत.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली दिलेल्या शिफारशींशी हे आकडे ताडून पाहता येतील. बैठे काम करणाऱ्या ६५ किलोच्या पुरुषास २११० आणि ५५ किलोच्या स्त्रीस १६६० उष्मांक, असे तेथे म्हटले आहे. आपला हिशेब वास्तवाला धरून आहे, एवढा दिलासा यातून मिळतो.

व्यायामाचे दरपत्रक

सत्तर किलो वजनाच्या व्यक्तीने अर्धा तास व्यायाम केल्यास होणारा निव्वळ खर्च साधारणपणे पुढीलप्रमाणे असतो :

• योगासने : ५० उष्मांक
• रमतगमत चालणे : ७०
• सूर्यनमस्कार, मध्यम गतीने : ८०
• जिने सावकाश चढणे : १०५
• भरभर चालणे : ११५
• सायकल, ताशी १६ ते १९ किलोमीटर : २००
• धावणे, ताशी ८ किलोमीटर : २५५

हे आकडे पाहून निराश होण्याचे कारण नाही, पण भ्रमात राहण्याचेही कारण नाही. एका वडापावात सुमारे ३०० उष्मांक असतात. आपल्या उदाहरणातील पतीने पाऊण तास भरभर चालून मिळविलेले १९३ उष्मांक, परतताना कोपऱ्यावरच्या गाडीवर थांबल्यास पाच मिनिटांत खर्ची पडतात आणि वर शंभरांची उधारी होते.

व्यायामशाळेतील यंत्रावर किंवा मनगटावरील घड्याळावर दिसणारा आकडाही जपूनच घ्यावा. २०१७ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी मनगटावर बांधण्याची सात उपकरणे तपासली. हृदयाचे ठोके बहुतेक उपकरणांनी बरोबर मोजले. उष्मांकांच्या बाबतीत मात्र त्यांतील सर्वांत अचूक उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकले.

दुहेरी नोंदीची चूक

द्विनोंदी पद्धत हा हिशेबशास्त्राचा पाया आहे. पण एकच रक्कम दोनदा जमा दाखविणे हा घोटाळा होय. वजन घटविणारे अनेकजण नकळत हाच घोटाळा करतात.

समजा, आपल्या उदाहरणातील पतीने १.५५ हा गुणक निवडला. उत्तर आले २४८८. व्यायाम यात आधीच धरलेला आहे. तरीही त्याने घड्याळावर दिसलेले ३०० उष्मांक त्यात मिळविले. झाले २७८८. यातून ५०० वजा करून त्याने रोजचा आहार २२८८ ठरविला आणि तो काटेकोरपणे पाळला. त्याचा खरा खर्च आहे २१००. म्हणजे नेमाने चालूनही, संयमाने जेवूनही, मोजूनमापूनही तो रोज १८८ उष्मांक जादा खात आहे. त्याचे वजन घटणे दूरच, हळूहळू वाढणार आहे. आणि दोष तो आपल्या नशिबाला किंवा ‘प्रकृतीला’ देणार आहे.

तेव्हा नियम एकच. गुणकात व्यायाम धरला असेल तर तो वेगळा मिळवू नये. वेगळा मिळवायचा असेल तर गुणक बैठ्या दिनक्रमाचाच घ्यावा.

तिसरी पायरी : कपात किती करावी?

‘रोज ५०० उष्मांक कमी खा, आठवड्याला अर्धा किलो उतरेल’ हा सल्ला सर्वत्र ऐकू येतो. त्याचे मूळ १९५८ साली अमेरिकन डॉक्टर मॅक्स विश्नॉफ्स्की यांनी मांडलेल्या गणितात आहे. एक किलो शारीरिक मेदात सुमारे ७७०० उष्मांक साठलेले असतात, हे त्या गणिताचे सार. पहिल्या काही महिन्यांच्या अंदाजासाठी ते ठीक आहे. पण सरसकट ५०० ची कपात सर्वांना लागू करणे योग्य नाही.

आपल्या दांपत्याकडे पाहा. पतीने २१०० मधून ५०० वजा केले तर १६०० उरतात. पत्नीने १६५० मधून ५०० वजा केले तर ११५० उरतात. वैद्यकीय देखरेखीशिवाय स्त्रियांनी १२०० आणि पुरुषांनी १५०० उष्मांकांच्या खाली जाऊ नये, असा सर्वसाधारण संकेत आहे. बचत खात्यातील किमान शिल्लक रकमेसारखी ही मर्यादा मानावी. तिच्या खाली गेल्यास दंड भरावा लागतो. लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वे पुरेशी मिळत नाहीत, स्नायू झिजतात, थकवा येतो, केस गळतात. वजन फार वेगाने उतरल्यास पित्ताशयात खडे होण्याचा धोकाही वाढतो.

म्हणून ठरावीक आकड्याऐवजी टक्केवारी घ्यावी. एकूण खर्चाच्या १५ ते २० टक्के कपात बहुतेकांना सोसवते. वीस टक्के धरल्यास पतीची कपात ४२०, आहार १६८०. पत्नीची कपात ३३०, आहार १३२०. अपेक्षित घट पतीची महिन्याला सुमारे १.६ किलो, पत्नीची १.३ किलो.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. पती-पत्नी एकत्र चालायला जातात, एकाच स्वयंपाकघरातले जेवतात आणि दोन महिन्यांनी पतीचे वजन अधिक उतरलेले दिसते. मग ‘तूच काहीतरी चोरून खात असशील’ अशी थट्टा होते आणि पुष्कळ स्त्रिया तेथेच धीर सोडतात. वरचा हिशेब पाहता यात तिचा काही दोष नाही. तिची उंची कमी, स्नायूंचे प्रमाण कमी, त्यामुळे तिचा मूलभूत खर्चच कमी. ज्याचे मासिक उत्पन्न कमी, त्याची बचतही आकड्याने कमीच असणार. टक्केवारीने पाहिले तर दोघांनी सारखाच नेम पाळलेला आहे.

एकच स्वयंपाक, दोन ताटे

१३२० उष्मांकांत पोट भरते का, हा स्वाभाविक प्रश्न आहे. आपल्या नेहमीच्या जेवणातून तयार केलेला एक दिवस पाहा. धान्ये व डाळी यांची वजने कच्च्या स्वरूपातील आहेत. शिजविल्यावर पाणी किती मुरले त्यानुसार वजन बदलते, म्हणून मोजावयाचे ते शिजविण्यापूर्वी.

• सकाळ : एक कप चहा, एक चमचा साखर – ६०
• न्याहारी : ४० ग्रॅम मूगडाळीची धिरडी, एक चमचा तेल – १८५
• दुपारचा डबा : ३० ग्रॅम पिठाचा एक, असे दोन फुलके, मटकीची उसळ, दह्यातली काकडीची कोशिंबीर, पेलाभर ताक – ४४०
• संध्याकाळ : चहा, एक पेरू, मूठभर फुटाणे – २५०
• रात्र : ज्वारीची एक भाकरी, पालेभाजी, वाटीभर वरण – ३८५

एकूण १३२०. यातून सुमारे ५५ ग्रॅम प्रथिनेही मिळतात. पतीसाठी याच स्वयंपाकातून न्याहारीला एक धिरडे अधिक (९०), डब्यात एक फुलका अधिक (१००) आणि रात्री वाटीभर भात (१७०) वाढला की १६८० होतात. निराळा स्वयंपाक करावा लागत नाही, हे महत्त्वाचे. कारण घरात एकासाठी वेगळे रांधावे लागले की तो नेम फार दिवस टिकत नाही.

प्रथिनांकडे विशेष लक्ष द्यावे. आहारात कपात असताना प्रथिने कमी पडली, तर शरीर स्नायूंनाही हात घालते. दर किलो वजनामागे दिवसाला किमान ०.८३ ग्रॅम प्रथिने ही राष्ट्रीय पोषण संस्थेची शिफारस आहे. वजन घटविताना ती एक ग्रॅमच्या पुढे असल्यास उत्तम. डाळी, कडधान्ये, दही, पनीर, सोयाबीन आणि चालत असल्यास अंडी व मासे यांचा उपयोग करावा. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र प्रथिने वाढविण्यापूर्वी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे.

गळती कोठे होते?

१९९२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कमी खाऊनही आमचे वजन उतरत नाही, असे सांगणाऱ्या स्थूल व्यक्तींची त्यात शास्त्रीय तपासणी केली गेली. त्यांचा चयापचय व्यवस्थित होता. मात्र त्यांनी प्रत्यक्ष आहारापेक्षा सरासरी ४७ टक्के कमी आहार नोंदविला होता आणि हालचाल ५१ टक्के अधिक दाखविली होती. यात फसविण्याचा हेतू नव्हता. खाल्लेले विसरणे आणि चाललेले लक्षात ठेवणे, हा मनुष्यस्वभाव आहे.

आपल्याकडे ही गळती प्रामुख्याने तीन ठिकाणी होते.

पहिले ठिकाण तेलाचे. पळीने फोडणीत पडलेले तेल कोणी मोजत नाही. पण किराणा मालाच्या यादीवरून ते मोजता येते. एक लिटर तेलात सुमारे ८२०० उष्मांक असतात. चार माणसांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल लागत असेल, तर दर माणशी रोज २७३ उष्मांक नुसत्या तेलाचे झाले. तेच अडीच लिटरवर आणले तर १७१ होतात. कोणाचीही पोळी न कमी करता, घरातल्या प्रत्येकाचे रोज शंभर उष्मांक वाचले.

दुसरे ठिकाण चहाचे. कार्यालयात दिवसाकाठी चार कप चहा सहज होतो. प्रत्येकात दोन चमचे साखर धरल्यास चाळीस ग्रॅम, म्हणजे १६० उष्मांक. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असावी. चहाबरोबरची बिस्किटे आणि सहकाऱ्यांच्या वाढदिवसाचे पेढे तर या हिशेबात आलेलेच नाहीत.

तिसरे ठिकाण उपासाचे. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगीच रूढ केलेली नाही. साबुदाणा ६० ग्रॅम (२१०), दाण्याचे कूट २५ ग्रॅम (१४०), तूप १० ग्रॅम (९०) आणि अर्धा बटाटा (४०) मिळून एका बशीभर खिचडीचे ४८० उष्मांक होतात. पत्नीच्या दुपारच्या संपूर्ण डब्याहून हा आकडा मोठा आहे.

बदलीच्या गावी एकटे राहणाऱ्यांची अडचण निराळी. खाणावळीतल्या जेवणाचे मोजमाप करता येत नाही. तरी पराठ्यावरचे लोणी नको म्हणता येते, तळलेल्या पुरीऐवजी तव्यावरची पोळी आणि मसाला डोशाऐवजी इडली मागता येते, भाजीच्या वाटीत वर तरंगणारा तवंग बाजूला ठेवता येतो. अशा वेळी लिहिलेल्या हिशेबात दहा-पंधरा टक्के अधिक धरून चालणे शहाणपणाचे.

चौथी पायरी : ताळमेळ

आपल्या नोंदवहीतील शिल्लक आणि पासबुकातील शिल्लक जुळत नसेल, तर ताळमेळपत्रक तयार करावे लागते. येथेही तेच करावयाचे. सूत्राने काढलेला खर्च हा अंदाज आहे. खरे पासबुक म्हणजे वजनकाटा.

वजन रोज सकाळी, शौचानंतर, काही खाण्यापूर्वी पाहावे आणि आठवड्याची सरासरी काढावी. एका दिवसाच्या आकड्यावर आनंद किंवा दुःख करू नये. आदल्या दिवशी लोणचे-पापड झाले असल्यास, नवीन व्यायामाने स्नायू दुखत असल्यास किंवा मासिक पाळीच्या आगेमागे शरीरात पाणी साठते आणि वजन वाढल्यासारखे दिसते. उलट पहिल्याच आठवड्यात दीड किलो उतरले, तर तेही बहुतांशी पाणीच असते. स्नायू व यकृतात साठविलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असते. आहार कमी होताच ते दोन्ही बाहेर पडते. म्हणून पहिला आठवडा सोडून पुढील चार आठवड्यांच्या सरासरीवरून निष्कर्ष काढावा.

समजा, पतीचे वजन त्या चार आठवड्यांत १.५ किलोऐवजी ०.८ किलोच उतरले. ०.८ × ७७०० = ६१६०. भागिले २८ दिवस. म्हणजे रोजची खरी तूट २२० उष्मांकांची होती, ४२० ची नव्हे. दोनशे उष्मांकांचा फरक कोठेतरी आहे. कदाचित न लिहिलेले फुटाणे असतील, कदाचित त्याचा खर्चच सूत्रापेक्षा कमी असेल. कारण कोणतेही असो, उपाय तोच. आहारातून शंभर उष्मांक कमी करावेत, रोजच्या चालण्यात पंधरा-वीस मिनिटांची भर घालावी आणि पुन्हा चार आठवड्यांनी पाहावे. स्वतःच्या शरीरावरून काढलेला हा आकडा कोणत्याही सूत्राहून अधिक विश्वासार्ह असतो.

वजन उतरणे थांबते तेव्हा

चार-सहा महिन्यांनी घट मंदावते. तीही चूक नव्हे. आपला गृहस्थ ७८ वरून ७० किलोवर आला, की सूत्रानुसारच त्याचा रोजचा खर्च सुमारे ११० उष्मांकांनी कमी होतो. हलके शरीर चालविण्यास ऊर्जा कमी लागते. शिवाय अन्न कमी मिळू लागले की शरीर काटकसरीनेही वागू लागते. म्हणून दर चार-पाच किलोंनंतर हिशेब नव्याने मांडावा.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली या मंदावण्याचे गणित मांडले. रोजच्या आहारात कायमची २४ उष्मांकांची कपात केल्यास अखेरीस सुमारे एक किलो वजन घटते. त्यातील निम्मी घट पहिल्या वर्षात, तर जवळजवळ सर्व घट तीन वर्षांत होते. तेलातून वाचविलेले शंभर उष्मांक या हिशेबाने अखेरीस चार किलोंचे मोल देतात, पण त्यासाठी वाट पाहावी लागते. आवर्ती ठेवीची सवय असलेल्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नसावी. थेंबे थेंबे तळे साचते, तसेच ते थेंबे थेंबे आटतेही.

सणावारी हिशेब मोडला तर त्यासाठी अपराधी वाटून घेऊ नये. हिशेब दिवसाचा न ठेवता आठवड्याचा ठेवावा. पुरणपोळीच्या दिवशी ५०० उष्मांक अधिक झाले, तर उरलेल्या सहा दिवसांत रोज ऐंशी-पंचाऐंशी उष्मांक कमी करून ते फेडता येतात. दुसऱ्या दिवशी कडकडीत उपास करून एकरकमी परतफेड करण्याचा प्रयत्न मात्र करू नये. त्यातून बहुधा तिसऱ्या दिवशीचे जादा खाणेच निष्पन्न होते.

व्यायाम मग कशासाठी?

व्यायामातून मिळणारे उष्मांक एवढे थोडे, तर व्यायामाचा खटाटोप कशाला, असा प्रश्न पडेल. वजन प्रामुख्याने आहाराने उतरते, हे खरे आहे. परंतु उतरताना स्नायू टिकविण्याचे, उतरलेले वजन पुन्हा चढू न देण्याचे आणि काटा हलला नाही तरी रक्तातील साखर व रक्तदाब सुधारण्याचे काम व्यायामच करतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढांनी आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम करावा आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळकटी देणारा व्यायाम करावा. नुसत्या चालण्यावर न थांबता उठाबशा, भिंतीला हात टेकून केलेले दंड, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे, असे काहीतरी दोन दिवस अवश्य असावे.

गर्भवती व स्तनपान देणाऱ्या माता आणि वाढीच्या वयातील मुले यांनी ही कपात करू नये. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांनी आहार कमी करून व्यायाम वाढविल्यास रक्तातील साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. त्यांनी औषधाची मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घेतल्यावाचून आरंभ करू नये. हृदयविकार असणाऱ्यांनाही हीच सूचना.

शेवटी एक साधी विनंती. आज एक वही घ्यावी. पहिल्या पानावर आपला मूलभूत खर्च, दुसऱ्यावर दिवसाचा एकूण खर्च, तिसऱ्यावर वीस टक्के वजा जाता उरणारा आहार लिहावा. पुढील पंधरा दिवस जे खाल्ले ते, लपवाछपवी न करता, त्याच वेळी लिहून काढावे. पंधरा दिवसांत वजन किती उतरले याला फारसे महत्त्व नाही. आपली शिल्लक कोठे वाढते आणि गळती कोठे होते, हे प्रथमच आपल्याला स्वच्छ दिसेल. सकाळी नेमाने चालूनही काटा का हलत नव्हता, याचे उत्तरही बहुधा त्या वहीतच सापडेल.